इकारसचा पंख आणि उन्हातला नमुना

"दिलावर, चारला टेक-ऑफ आहे. सही कर, यल्ला, लवकर!" हँगर मॅनेजर दारातूनच ओरडला.

जेद्दाच्या हँगरमध्ये मी मेंटेनन्स इंजिनीअर. माझ्या सहीशिवाय विमान उडत नाही आणि मॅनेजरची मर्जी फिरली तर माझा इकामा जातो. बायको-मुलांचे राहण्याचे परवानेही त्याच इकाम्यावर.

विमान एका मालकाचं खाजगी. नाकावर हौसेनं रंगवलेलं नाव, 'इकारस'. ग्रीक पुराणातला हा मुलगा. बापानं मेणानं पिसं चिकटवून स्वतःला आणि त्याला पंख केले, दोघं उडाले. पोरगं सूर्याच्या फार जवळ गेलं, मेण वितळलं, समुद्रात पडून मेलं. आमच्या रत्नागिरीत होडीलाही असं नाव कुणी देणार नाही.

इंधनाची टाकी पंखातच असते. इंधन गळू नये म्हणून तिच्या झाकणाची फट आम्ही सीलंटनं, म्हणजे रबरासारख्या लुकणानं बुजवली होती. ते सुकलं का हे बघायला त्यातलंच थोडं पत्र्याच्या तुकड्यावर काढून ठेवतात. त्यावर नख दाबायचं. उमटलं नाही की झालं.

माझा टेक्निशियन इरफान, राजापूरचा, तुकडा घेऊन आला. "भाई, खडखडीत सुकलाय."

खरंच दगड झाला होता. मी पेन काढलं. पण तुकडा हाताला चटका देत होता.

"कुठे ठेवला होतास?"

"दाराबाहेर उन्हात. आत एसीत लवकर सुकत नाय ना, भाई."

सीलंट उन्हात भराभर घट्ट होतं, आणि पंख सकाळपासून एसीत! शिडी चढलो, झाकणाच्या कडेला नख दाबलं. उमटलं.

मॅनेजर भडकला. "नमुना ओके आहे ना? खलास! नाहीतर उद्या दुसरा इंजिनीअर."

तरी मी पेन खिशात ठेवलं.

विमानाचा कॅप्टन नेमका ग्रीक. गलका ऐकून तो आला, स्वतः शिडी चढला, नख दाबून बघितलं. "आज उडत नाही," तो मॅनेजरला म्हणाला. "मालकांना मी सांगतो."

मग माझ्याकडे वळला. "सगळे मला इकारसबद्दल विचारतात. पंख बनवणाऱ्या बापाचं कुणी विचारत नाही. तो सुखरूप उतरला. मुलाला त्यानंच पुरलं."

विमान दुसऱ्या दिवशी उडालं. माझी नोकरी टिकली, मॅनेजर मात्र आठवडाभर सलामाला उत्तर देत नव्हता. नमुना आता पंखाखालीच ठेवतो आणि इरफान तो आणून देतो तरी मी स्वतः शिडी चढतोच. सही करणारा विमानात बसत नाही. म्हणून निदान नख तरी त्याचं असावं.