आक्कानं सोडलेली खडस

ओल्या जाळ्याचा वास आला की मला खानापूरजवळचा मलप्रभेचा डोह आठवतो. बेळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारी माझी थोरली बहीण, आक्का, सुट्टीत मला तिथं घेऊन जायची. नदीत मासे किती, हे कुणी मोजलेलं नव्हतं. पण मासा केवढा झाला की अंडी घालतो हे ठाऊक असलं, तर नुसतं जाळं बघूनही नदीची तब्येत कळते, असं ती म्हणायची. एका उन्हाळ्यात जाळ्यात सगळे कोवळे मासेच येत होते. एका सकाळी मात्र तिथल्या म्हाताऱ्या कोळ्याला हातभर लांब, गाभोळीनं पोट फुगलेली खडस मासळी मिळाली. आक्का गुडघाभर पाण्यात शिरली. “आप्पा, हिला सोडा. बाकीच्यांनी एकदाबी अंडी घातली न्हाईत. ही गेली तर डोह रिकामा व्हईल.” “घरात पावणे आल्यात गं पोरी,” तो म्हणाला. मग त्यानं जाळ्यातल्या कोवळ्या माशांकडं एकदा बघितलं आणि मासळी तिच्याच हातात दिली. “जा, सोड तूच.” खडस खोल पाण्यात नाहीशी झाली, तेव्हा आक्का हसताहसता रडत होती. पावसाळा सरल्यावर काठालगत बोटभर पिलांचा घोळका फिरताना मी पाहिला, पण आक्का त्याच पावसाळ्यात काविळीनं गेली होती. आता माझे केस पिकलेत, तरी काही चांगलं दिसलं की तिला सांगायला मी अजून मागं वळते.