नाव न घेणाऱ्या गावातली कुस्ती

नगरहून पाथर्डीची एसटी सुटली आणि शेजारच्या बाईंनी विचारलं, "जत्रंला का?" मी मान डोलावली. "मग आधीच सांगते, तिथं त्याचं नाव काढू नका." त्याचं म्हणजे शनिवारी ज्याला रुईचा हार घालतात, त्याचं. पाहुण्यानं घरचा नेम पाळावा, म्हणून लिहितानाही मी ते नाव टाळणार आहे.

माझा सगळा जन्म कुस्तीत गेला. मिरजेकडच्या आमच्या तालमीत त्याच्या पाया पडल्याशिवाय कुणी लंगोट बांधत नाही. पाथर्डी तालुक्यातलं एक गाव मात्र दैत्याला पुजतं. त्याचं देऊळ तिथं नाही, पोराला त्याचं नाव ठेवत नाहीत, आणि तरी चैत्रातल्या यात्रेत तिथं मोठा हगामा (कुस्त्यांचा फड) भरतो! हे ऐकल्यापासून मला चैन नव्हतं. त्याच्याशिवाय कुस्ती सुरू तरी कशी करतात?

पाथर्डीहून पुढे जीप. सात जणांच्या जागेत आम्ही चौदा, आणि माझी पिशवी टपावर. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, मध्येच एखादा लिंब. ऊसतोडीला गेलेली माणसं नुकतीच परतली होती. सहा महिने बंद असलेल्या घरांपुढे सडे पडले होते, दोऱ्यांवर गोधड्या वाळत होत्या. उतरताना पाहिलं, तर कुणाच्या तरी तेलाच्या डब्यानं माझ्या पिशवीला यथेच्छ अभ्यंग घातलेलं.

वेशीपाशी फडाचे पंच तात्या भेटले. पिळदार मिशा, मोडके कान. म्हणजे आमच्याच जातकुळीचे. हात जोडताना माझ्या गळ्यातला तांब्याचा ताईत बाहेर आला आणि मला घाम फुटला. त्यावर तोच कोरलेला होता! मी घाईनं काढायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या, वस्ताद," तात्या हसले. "आमचं काय भांडान न्हाई त्याच्यासंगं. सदऱ्यात घाला म्हंजे झालं."

देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी मला गोष्ट सांगितली. दैत्य आणि तो, दोघंही रामाचे भक्त. एकदा याच माळावर त्यांची गाठ पडली, शब्दाला शब्द लागला आणि जुंपली. शेवटी दोघांच्याही तोंडून "राम" निघालं, तेव्हा कळलं की धनी एकच. रामानं तुमच्यावाल्याला सांगितलं, सारा मुलूख तुला पुजील, हे एक गाव याला सोड.

"पण कुस्ती जिंकलं कोण?" मी विचारलं.

"लई घाई तुमाला. आधी भाकर खा."

आमटी अशी झणझणीत होती की नाकाडोळ्यांतून पाणी आलं. वाढणाऱ्या वहिनींनी न विचारता गुळाचा खडा हातावर ठेवला. जेवताना तात्यांनी पुतण्याची ओळख करून दिली. नवनाथ, बावीस वर्षांचा, आईबाप ऊसतोड करणारे. शेवटची मानाची कुस्ती आज त्याची होती. गावचा गडी त्या कुस्तीपर्यंत पोचला, असं तात्यांच्या हयातीत पहिल्यांदाच घडत होतं.

तो नगरच्या तालमीत राहतो, हे कळल्यावर मला राहवलं नाही. "तिथं रोज सकाळी काय करतोस?"

"झाडून काढतो, वस्ताद. त्याच्या म्होरं दिवा बी लावतो. तिथला नेम तिथं, हितला हितं."

दुपारी उन्हं कलल्यावर हलगी कडाडली. पैलवान माती कपाळाला लावत, दैत्यमहाराजांच्या देवळाकडे हात जोडत आणि मुकाट भिडत. माझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंसंच होतं. पण एवढ्या गर्दीत ती क्षणभराची शांतता मला फार आवडली.

शेवटची जोड लागली. नवनाथसमोर राहात्याचा पैलवान, अंगानं सवाई. त्यानं शड्डू ठोकला आणि जन्माच्या सवयीनं, अख्खं मैदान ऐकेल असं, नेमकं तेच नाव गर्जला.

हलगी थांबली. त्या पोराचं तोंड पांढरंफटक पडलं; त्यानं कान पकडले. चारी बाजूंनी ओरडा सुरू झाला, "भाईर काढा त्याला! कुस्ती नवनाथाची!" नेमानं बोलायचं तर ते बरोबरच होतं. तात्यांनी विजेत्याचा फेटा उचललाही. गावानं इतकी वर्षं वाट पाहिलेला मान न लढता नवनाथच्या डोक्यावर येत होता.

नवनाथनं मात्र हात वर केला. "तात्या, नेम आपला हाय, त्याचा न्हाई. त्यो त्याच्या देवाला हाक मारून आला. मी लढनार."

"हरलास तर?" कुणीतरी ओरडलं.

"तर हरंन."

आणि तो हरला. नऊ-दहा मिनिटं असा चिवट लढला की मी दोनदा जागचा उठलो. शेवटी ढाक बसली आणि पाठ मातीला लागली. तात्या सावकाश आत गेले, राहात्याच्या पैलवानाला स्वतःच्या हातानं फेटा बांधला, आणि मग नवनाथच्या पाठीवरची माती झटकली. परत येताना माझ्यापाशी थांबले. त्यांचे डोळे भरले होते.

"इचारत हुता ना, कोन जिकलं? आमचा दैत्य तरी कुठं जिकला हुता, वस्ताद! हरला, पन मागं सरला न्हाई. म्हनून तर पुजतो."

परतीच्या जीपमध्ये मी ताईत सदऱ्याबाहेर काढला. आम्हाला लहानपणापासून सांगतात, खरा योद्धा शस्त्र गळालेल्यावर वार करत नाही. तालमीतल्या पोरांना मीही हेच सांगत आलो. पण पंचविसाव्या वर्षी एका मैदानात माझा जोडीदार अर्धा तास उशिरा आला होता. त्याची गाडी वाटेत बंद पडली होती. तो हात जोडून म्हणाला, "लढू या." नियम माझ्या बाजूनं होता. मी गदा उचलली आणि घरी निघून आलो.

ती गदा आमच्या बैठकीत आहे. ती जिंकून आणली, असं मी लग्नात बायकोला सांगितलं होतं. मिरजेला पोचलो, चहा घेतला आणि तिला खरं काय ते सांगून टाकलं.

तिनं गदेकडे पाहिलं. मग म्हणाली, "तीस वर्षं दर दसऱ्याला मी ती चिंचेनं घासतेय. मला आधी सांगायचं होतंत."