कुकर, कॉश्च्यूम आणि एक जादा फेरी

तालमीतून घरी आले की मी बूट दारातच झटकते, तरी घरभर लाल माती निघतेच! किस्स्यांचंही तसंच आहे. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण चार ओळखीची माणसं बसली, चहा आला, की एकेक गळायला लागतो. परवा एका लग्नात शेजारच्या बाईंनी काळजीनं विचारलं, "पोरींना कुस्ती शिकवताय, त्रास नाही ना होत?" मी म्हटलं, "होतो की! हसून हसून पोट दुखतं." मग पंगत उठेपर्यंत मीच बोलत होते.

आधी माणसं सांगते. मी आष्ट्यात पीटी टीचर. ज्युदो खेळलेली, नंतर कुस्तीच्या कोचिंगचा कोर्स केला. गावात आबा वस्तादांची जुनी तालीम. आबा सत्तरीच्या पुढचे, कुस्तीत दोन्ही कान मोडलेले, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं मूलही सरळ उभं राहतं. मी त्यांच्याकडं गेले आणि म्हटलं, सकाळचे दोन तास पोरींना द्या.

आबा म्हणाले, "बाई, पोरी आल्या की पोरांचं ध्यान उडतंय."

"मग पोरांचं ध्यान पक्कं करा. वस्ताद तुम्ही आहात."

आबांनी काठी आपटली, पण परवानगी दिली. माझी पहिली पोरगी तेजू. बागायतदार घर, वडील फौजेत सुभेदार, आणि हिच्या तोंडाला दार नाही. एका सकाळी ती तिच्याच वजनाच्या एका पोराशी लढली. मुलगी म्हणून पोरगा जरा हसतहसतच पुढं आला आणि बघता बघता पाठीवर! तोंडात माती, डोळे आढ्याला.

आबा काठी टेकत त्याच्याजवळ गेले, वाकले आणि शांतपणे म्हणाले, "ऊठ. आता सांग, ध्यान कुठं हुतं?"

*

यात्रेतल्या कुस्त्यांत आमच्या पोरी जिंकायला लागल्या आणि नवाच प्रश्न उभा राहिला. पोरांना गदा, ढाल. पोरींना कुकर! कधी मिक्सर, कधी डिनर सेट. एका गावात तर इस्त्री मिळाली.

तेजू एकदा स्टेजवरच अडून बसली. "मला गदा पायजे."

कमिटीचे अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, "आगं पोरी, गदा घिऊन तू काय करणार?"

"तुमचं पैलवान काय करत्यात? शोकेसमदी ठेवत्यात न्हवं? आमच्यात बी शोकेस हाय!"

गदा मिळाली नाही. कुकरच घेऊन आलो. आता तालमीच्या माळ्यावर कुकरची थप्पी आहे. एकात दूध तापतं, एकात डंबेलचे नटबोल्ट असतात. आणि आबा पोरींना मेडल विचारतच नाहीत. स्पर्धेहून कुणी आलं की दारातच गर्जना होते, "काय गं, शिट्ट्या किती आनल्यास?"

*

थंडीत आम्ही पोरींना दमाच्या तयारीसाठी महाबळेश्वरला नेलं. पहाटे घाटाच्या चढावर पळायचं. पुढं पोरी, मागं आबा जुन्या मोपेडवर, हातात काठी, तोंडात शिट्टी. "पळा, पळा! कोन थांबली त्ये मी बघतोय!" मी सगळ्यांच्या मागून धापा टाकत.

एका वळणावर पोहोचले तर समोर टॅक्सी आडवी लावलेली. ड्रायव्हरनं आबांची कॉलर धरलेली आणि स्ट्रॉबेरी विकणाऱ्या दोन बायका बाजूला तयारीत उभ्या!

"म्हातारा झालास, लाज न्हाई वाटत? पोरींच्या मागं लागतूस?"

आबांचं तोंड उघडं, आवाज बंद. त्यांचा आवाज बंद झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मी ओळख सांगितली, तेव्हा तो ड्रायव्हर बिचारा हात जोडायला लागला. "माफ करा बाई. पोरी एवढ्या जिवाच्या आकांतानं पळत्यात म्हटल्यावर कुनीतरी मागं लागलं आसंल, आसंच वाटलं. हौसनं कशाला पळतील?"

एवढ्यात तेजू मागं वळून आली आणि आबांकडं बघून म्हणाली, "आवं दादा, अजून धरा की थोडा येळ. तेवढाच आमाला दम खाता येतोय!"

*

आता रुक्मीचं सांगते, कारण इथून पुढं सगळं तिचंच आहे.

रुक्मी म्हसवडकडची. मेंढपाळांचं घर. दुष्काळी माळावर मेंढरांमागं चालून चालून पाय असे झालेले की रोवले तर हलत नाहीत, आणि हातात धरलेलं मेंढरू सुटत नाही. बोलणं मात्र मोजकं. तिला तालमीत तिच्या आईनं आणून सोडलं. वडील, बिरूतात्या, कुस्तीचे शौकीन. कुठलंही मैदान चुकवणार नाहीत. पण पोरीची कुस्ती? एकही नाही पाहिली.

रुक्मीची निवड परदेशातल्या मोठ्या स्पर्धेसाठी झाली आणि कुणीतरी तिचा कुस्तीच्या तंग, आखूड कॉश्च्यूममधला फोटो तात्यांना मोबाईलवर दाखवला. दुसऱ्या दिवशी तात्या आष्ट्यात हजर. खांद्यावर घोंगडं, डोक्याला पटका, तालमीच्या आत पाऊल टाकेनात.

"ह्या कापडात पोरगी चार लोकांम्होरं हुबी ऱ्हाती? पावनं काय म्हनतील?"

पावणे म्हणजे रुक्मीला आलेलं स्थळ. त्यांची एकच अट होती: कुस्ती बंद.

आबा आत गेले आणि भिंतीवरचा स्वतःचा जुना फोटो काढून घेऊन आले. तरुणपणीचे आबा, अंगाला माती, नेसणीला फक्त लंगोट. "तात्या, ह्यो मी. माझ्या बापानं ह्यो फोटू द्येवाशेजारी लावला हुता."

"आवं आबा, तुमी गडीमानूस!"

आबांनी एका हातात आपला फोटो आणि दुसऱ्या हातात रुक्मीच्या फोटोचा मोबाईल धरला. "आता नीट बघा आन् सांगा, कापड जास्ती कुनाच्या अंगावर हाय?"

तात्यांनी दोन्हीकडं बघितलं. मग चहा मागितला. चहा संपल्यावर म्हणाले, "ही एक खेप जाऊ द्या. माघारी आली की मी घरी नेनार. पावन्यांस्नी शब्द दिलाय."

रुक्मी दाराआड उभी होती. त्या सकाळी तिनं दोर चढायला घेतला आणि मी तीनदा हाक मारूनही ती खाली उतरेना.

*

जाण्याआधी पत्रकार आले. रुक्मीच्या शेजारी सांगलीकडचा एक पैलवान बसलेला, तोही त्याच स्पर्धेला निघालेला. त्याला विचारलं, "डाव कोणता? खुराक काय? प्रतिस्पर्धी कोण?" मग रुक्मीकडं वळले. "लग्नाचं काय ठरलंय? आणि भाकरी येते का थापायला?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण मी तोंड उघडायच्या आत रुक्मी बोलली. "येती. ह्यांस्नी बी इचारा की, येती का."

पैलवान गडी लाजला. मान खाली घालून म्हणाला, "येती. कॅम्पात मीच थापतो समद्यांच्या. लय गोल हुत्यात."

दुसऱ्या दिवशीचा पेपर मी अजून विसरलेली नाही. पैलवानाचा भला मोठा फोटो, तव्यासकट! 'मातीतला गडी, मनानं हळवा' असा मथळा. आणि रुक्मी? खाली कोपऱ्यात दोन ओळी. त्यातली एक तिच्या लग्नाबद्दल.

*

परदेशात गेल्यावर वाटलं, इथं तरी सुटलो. कसलं काय! रुक्मीच्या पहिल्या कुस्तीला मी मॅटजवळच्या कोचच्या खुर्चीकडं निघाले, तर एका गोऱ्या पोरीनं अगदी गोड हसून मला अडवलं आणि वर गॅलरीकडं बोट दाखवलं. "मदर्स देअर, प्लीज."

गळ्यातला पास दाखवला. तिनं पास बघितला, मला बघितलं आणि माझ्या मागून पाण्याच्या बाटल्या घेऊन येणाऱ्या दिलीपला म्हणाली, "कोच? कम, कम!" दिलीप आमचा मालिशवाला. तिनं त्याला धरून खुर्चीवर बसवलंसुद्धा!

दिलीपला इंग्रजीचा गंध नाही. पण तो ताडकन उठला, आपल्या पोटरीवर थाप मारून म्हणाला, "मी, लेग!" मग माझ्याकडं हात केला. "शी, डोकं!"

ती पोरगी इतकी हसली की तिनंच मला खुर्चीवर नेऊन बसवलं, आणि नंतर रोज सकाळी मला बघितलं की आपल्या डोक्यावर टिचकी मारून सलाम ठोकायची.

*

वजनाच्या रांगेत रुक्मीच्या पुढं एक थंड मुलखातली पोरगी उभी होती. केस बारीक कापलेले, मान बैलासारखी. मोबाईलवर काहीतरी वाचून ती वैतागली. भाषांतराचं ॲप उघडून तिनं रुक्मीसमोर धरलं. हिंदीत उमटलं त्याचा अर्थ, "माझ्या देशातला पत्रकार विचारतो आहे, तुझं बाळ कुणाकडे ठेवून आलीस?"

रुक्मीनं तिचा मोबाईल घेतला आणि हिंदीत बोलली, "मुझे पूछा, रोटी आती है क्या."

दोघी अशा हसल्या की रांगेतल्या बाकीच्या पोरी मागं वळल्या. मग तो मोबाईल रांगभर फिरला. वेगवेगळ्या भाषा, पण प्रश्न तेच. कुणाला नवऱ्याबद्दल विचारलेलं, कुणाला दाढी येते का म्हणून चिडवलेलं, कुणाला "हसून दाखव ना" म्हणालेले. वजन घेणाऱ्या बाईंना वाटलं, या पोरींना झालंय तरी काय!

दुसऱ्या दिवशी ब्राँझच्या कुस्तीला रुक्मीसमोर तीच पोरगी आली.

शेवटचे काही सेकंद उरलेले आणि रुक्मी एका गुणानं मागं. मला डोळ्यांसमोर मॅट दिसेना, पावण्यांची अट दिसत होती. हरली तर तात्या म्हणणार, बघा, एवढं करून काय मिळालं? आणि तेवढ्यात रुक्मीनं खाली घुसून पट काढला! मेंढरू धरावं तसा पाय धरला आणि सोडलाच नाही.

ती जिंकली आणि मी रडले. स्वच्छ, मोठ्यानं, दिलीपच्या खांद्यावर. तो म्हणाला, "बाई, डोकं सांभाळा."

रुक्मीनं घरी फोन लावला तर तिच्या आईनं उचलला. "जितलीस न्हवं? लागलं न्हाई न्हवं कुटं? मग झालं बाई!" मग मागून तात्यांचा आवाज आला. त्यांनी एवढंच विचारलं, "कवा येतीया?"

रुक्मीनं फोन ठेवला. मेडल गळ्यात होतं आणि चेहरा उतरलेला.

*

म्हसवडजवळच्या तिच्या गावात सत्कार ठेवला होता. हलगी, गुलाल, बँडवाल्यांची गाडी. सगळ्यात पुढच्या खुर्च्यांवर ते पावणे बसलेले. मुलाचा चुलता मोठ्यानं म्हणत होता, "आता झालं समदं नाव. तारीख काढून टाकू."

रुक्मीला फेटा बांधला. आता आमच्याकडं जिंकलेल्या पैलवानाला खांद्यावर घेऊन मैदानाची फेरी काढायची पद्धत. हलगीवाल्यानं ताल धरला आणि पुढं काहीच होईना! गावातली पोरं एकमेकांना ढकलत होती. "तू घे." "मी कसा घिऊ? पोरगी हाय." सरपंचांनी महिला मंडळाला बोलावलं. बायका पुढं आल्या, रुक्मीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हळूच मागं सरकल्या. कुणीतरी सुचवलं, ट्रॅक्टरवर उभी करा. आबा कपाळावर हात मारून बसले.

रुक्मी मध्ये एकटीच उभी. हलगी वाजतेय.

मग ती चालायला लागली. गर्दीतून थेट मागं, जिथं तात्या घोंगडं घेऊन कडेला उभे होते. वाकली. तात्यांना काही कळायच्या आत ते खांद्यावर!

"आगं, आगं! सोड! रुक्मे, सोड मला! लोकं बगत्यात!"

रुक्मी त्यांना घेऊन फेरीला निघाली. गावानं असा गलका केला की हलगी ऐकू येईना. तात्या एका हातानं पटका आणि दुसऱ्या हातानं तिचा फेटा धरून वर बसलेले. आधी डोळे गच्च मिटलेले. अर्ध्या फेरीत एक उघडला. मग दुसरा. मग पाठ ताठ झाली. मग त्यांनी पटका सोडला आणि मिशीवरून हात फिरवला.

फेरी पुरी झाली. रुक्मी त्यांना उतरवायला पावण्यांच्या खुर्च्यांसमोर वाकायला लागली. तात्यांनी वरूनच तिच्या खांद्यावर थाप मारून तिला थांबवलं.

"पावनं," ते म्हणाले, "तारीख काढू नगा. हिला सोमवारी तालमीत जायाचं हाय."

मग खाली वाकून रुक्मीला म्हणाले, "चल गं. आनि एक फेरी मार."