सासऱ्यांचं नाक

माझ्या सासऱ्यांचा देवावर पूर्ण विश्वास आहे, पण देवाला वाहिलेल्या तुळशीवर नाही. तीर्थातलं पान ते आधी बोटांत चुरगाळून हुंगतात आणि गुरुजींकडे असं बघतात की त्यांचा मंत्रच चुकतो. म्हैसुरातल्या एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात पोत्यांतून आलेल्या मुळ्या आणि साली ओळखण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. अशोकाच्या नावाखाली भलत्याच झाडाची साल, नाजूक अनंतमुळाच्या जुडीत लोणच्यात घालतात ती माकळीची जाडजूड मुळी, असली लबाडी पकडता पकडता त्यांचा जगावरचाच विश्वास उडाला. ते निवृत्त झाले, नाक झालं नाही. बाजारात ते दिसले की मसालेवाला आपणहून डबे झाकतो. कॉफीत चिकोरी किती आहे, हे ते कप ओठाला लावायच्या आत सांगतात.

मी साताऱ्याचा, नोकरीसाठी म्हैसुरातल्या बोगादीत येऊन राहिलेला. त्यांच्या मुलीला मागणी घालायला जयलक्ष्मीपुरमला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी मला मुद्दाम खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात मुरलेल्या त्यांच्या मराठीत म्हणाले, "नोडी, बघा, वरून बरे दिसता. पण साल बरी दिसली म्हणून काय झालं? मोडून बघायला पाहिजे, अल्वा?" लग्न झालं, आमची मुलगी शाळेत जायला लागली, तरी तपासणी चालूच. मी कूर्गहून आणलेल्या मधाचा थेंब त्यांनी पाण्यात टाकून बघितला आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

सासूबाईंना उन्हाळा सोसत नाही. त्यांच्यासाठी अनंतमुळाचा काढा मात्र सासरे स्वतः करतात, एकेक मूळ मोडून, हुंगून. एकदा ते परगावी असताना सासूबाई दुकानातलं भलतंच मूळ उकळून प्यायल्या आणि अंथरुणाला खिळल्या. तेव्हापासून त्या पातेल्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

यंदा सासऱ्यांना ताप येऊन गेला. ते बरे झाल्यावर आम्ही भेटायला गेलो, तर त्यांनी कॉफी मुकाट्याने पिऊन टाकली. चिकोरीचं नावही नाही. मला संशय आला. एवढं तरी मी त्यांच्याकडून शिकलो होतो. ते काढा करायला उठले, तसा मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. ते मूळ मोडून नाकाशी धरून उभे होते. पुन्हा मोडलं, पुन्हा हुंगलं.

"वासच येत नाही हो, जावईबापू," बाहेर बसलेल्या सासूबाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू ते म्हणाले. "एनू इल्ला. काहीच नाही." मग मूळ माझ्यापुढे धरलं. "तुम्ही बघा."

मी हुंगलं. त्यांनीच कधीतरी ओळखायला शिकवलेला गोडसर वास होता.

"अनंतमूळच आहे," मी म्हणालो.

आता म्हणतील, नक्की? उजेडात या, पुन्हा हुंगा. मी वाट बघत राहिलो. त्यांनी मूळ पातेल्यात टाकलं आणि गॅस पेटवला. त्यांनी माझ्यावर थोडा तरी संशय घ्यायला हवा होता, असं मला फार वाटलं.