बिबीजानचं बोट

तळेऱ्याच्या नाक्यावरून विजयदुर्गाकडे वळलं की थोड्या अंतरावर एक पत्र्याची शेड लागते. तिला पाटी नाही. पाटी लावायची ती नवख्यांनी, असं तय्यबचं म्हणणं. खारेपाटणपासून जामसंड्यापर्यंत कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, गाडी टकटकायला लागली की तो म्हणणार, टॅपेटवाल्याकडे ने. टॅपेटवाला म्हणजे तय्यब, दुसरा कोणी नव्हताच.

इंजिनात कॅमचा उंचवटा फिरत येतो आणि एका गट्टूला उचलतो. गट्टू रॉकरला ढकलतो, रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. हा गट्टू म्हणजे टॅपेट. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट सोडावी लागते, कारण तापलं की लोखंड वाढतं. फट जास्त झाली की टकटक सुरू होते. ती फट बरोबर करायची म्हणजे टॅपेट सेटिंग. फिलरची, म्हणजे फट मापायची, पातळ पाती घालून मापता येते, पण झिजलेल्या रॉकरला मध्ये खळगा पडलेला असतो. पाती खळग्यावरून सरळ निघून जाते आणि खोटं माप सांगते. म्हणून शेवटचा निकाल कानाचा. तय्यबनं अख्खं आयुष्य त्या कानावर काढलं.

आणि तोच कान गेला.

एकदम नाही गेला. ट्रकचा हॉर्न, समोरच्या माणसाचा जाड आवाज, मशिदीतली अजान, हे सगळं येत होतं. गेले ते बारीक, धातूचे आवाज, नेमके जे त्याला पोटासाठी लागत होते ते. ग्राइंडर आणि एअर गन यांच्यात तीस-पस्तीस वर्षं उघड्या कानांनी उभा राहिलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? कारखान्यात असता तर निदान एखादा नियम भिंतीवर चिकटवलेला तरी असता. नाक्यावरच्या मेकॅनिकला कुठला नियम? त्याचे हात सगळ्यांना हवे असतात, त्याच्या कानाची चौकशी करायला कोणाला वेळ नसतो. बिबीजाननं, त्याच्या बायकोनं, एकदा त्याला ओळखीचं कोणी भेटणार नाही अशा लांबच्या शिबिरात नेलं. तिथं कानाचं यंत्र मिळालं. देताना फोटो काढला, दिल्यावर कोणी तोंड दाखवलं नाही. शेडमध्ये इंजिन चालू झालं की ते यंत्र कानात शिट्टी घालायचं. तय्यबनं ते काढलं आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकलं.

त्यानंतर बिबीजान शेडमध्ये येऊन बसायला लागली.

जुन्या जीपची एक सीट कोपऱ्यात टाकलेली होती. त्यावर सूप घेऊन बसायची, सुक्या कोलंबीचे सोडे निवडायची, कधी चिंच फोडायची. लोकांना वाटायचं, म्हातारी नवऱ्याला सोबत करते. तय्यब चालू इंजिनावर वाकला की तिचा उजवा हात सूप सोडून गुडघ्यावर यायचा. टकटक असली की एक बोट वर. मग तय्यब एकेका रॉकरखाली पाती सरकवायचा. ज्या रॉकरला टकटक थांबे तिथं बोट खाली यायचं, म्हणजे चोर तोच. स्क्रू पिळायचा, पुन्हा बघायचं. हात गुडघ्यावर सपाट पडला की काम झालं. गिऱ्हाईक म्हणायचं, "काय कान आसा चाचा तुमचो!" तय्यब मिशीतल्या मिशीत हसायचा. बिबीजान सोडे निवडत राहायची.

हे दोघांत ठरलं कधी? ठरलंच नाही. एका रिक्षाच्या वेळी ती म्हणाली होती, "अवो, ही अजून टकटकता हा." तो खेकसला होता, "तुका काय कळता?" नंतर तिच्याकडे न बघता त्यानं इंजिन पुन्हा उघडलं असतं, पण तोवर रिक्षा गेली होती. दुसऱ्या दिवशी तीच रिक्षा तक्रार घेऊन परत आली. तेव्हापासून बोट. त्यावर एक शब्द कधी बोलला गेला नाही, घरातही नाही. बोलायचं म्हणजे कबूल करायचं, आणि तय्यबनं आयुष्यात कबूल केलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मावतील.

तोवर नाक्याचीही रया गेली होती. महामार्ग चौपदरी झाला आणि गाड्या न थांबता पळायला लागल्या. नव्या गाड्यांत हायड्रॉलिक टॅपेट आले. ते पोटात तेल घेतात आणि फट आपली आपण भरून काढतात. त्यांना ना पाती लागते, ना कान. आठवडा आठवडा शेडमध्ये जुनी रिक्षासुद्धा यायची नाही. अशात जामसंड्याचा कौस्तुभ आला.

कौस्तुभ आंबेवाल्याचा मुलगा, पंचविशीतला. जुनी छोटी पेट्रोल गाडी घेऊन तिच्यात टर्बो बसवलेला, कॅम बदललेला, स्प्रिंगा कडक केलेल्या. कोल्हापूरला ट्रॅकवर पळवायची होती. टर्बोच्या जोरापुढे जुने टॅपेट दम तोडत होते, आता कुठले घालायचे एवढाच प्रश्न होता.

"चाचा, नेटार सगळे सांगतत हायड्रॉलिक घाल. परत परत सेटिंगची कटकट नको."

तय्यब त्याच्या ओठांकडे बघत होता. "नेटार सांगणारे तुझ्या गाडयेत बसतले काय?"

"तसा नाय, पण..."

"ऐक. तेलाचो टॅपेट साध्या गाडयेक बरो. तुझी स्प्रिंग कडक, वर टर्बोचो दाब, आणि तुझो पाय काय वर येवचो नाय. सात हजाराच्या वर गेलंस काय हो तेल पिवन फुगतलो आणि व्हॉल्व्ह उघडो धरून बसतलो. मगे तुझो टर्बो काय वारो घालतलो माका?"

कौस्तुभ हसला. "मगे सॉलिड?"

"सॉलिड. निस्तो लोखंडाचो गट्टू. तेका पोटच नाय, फुगतलो खंयसून? फक्त फट सांभाळूची लागता. आणि फट सांभाळूक मी आसंय."

ह्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. त्या इंजिनाला सॉलिडच हवे होते, दुसरा कोणी जाणता असता तरी हेच म्हणाला असता. खोट होती ती फक्त शेवटच्या वाक्यात, आणि ती शेडमध्ये एकट्या बिबीजानला कळली. तिच्या हातातला सोडा सुपात पडला.

"गाडी बरी धावली ना चाचा, तर आमचा अख्खा टोळका हय आणतंय," कौस्तुभ म्हणाला. "सात-आठ गाडये आसत. सगळ्यांची सेटिंगा तुमच्याकडे."

तय्यबचा चेहरा बिबीजाननं पाहिला. लग्नात त्याला पहिल्यांदा पाहिलं होतं तेव्हाचा तो चेहरा होता, आणि तिची भीती आणखीनच वाढली.

दुपारी जेवताना ती हळूच म्हणाली, "अवो, ते तेलाचेच घाला ना. त्या पोराच्या पण मनात तेच आसत."

"तुका टॅपेट कळतत?"

"माका टॅपेट कळणत नाय. माका फक्त आवाज कळता."

तय्यबनं तिच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्या गोष्टीच्या इतक्या जवळ कोणी आलं नव्हतं. त्यानं ताट सरकवलं आणि हात धुवायला उठला. माशाच्या कढीवर साय धरली तरी तो परत आला नाही.

त्याच वेळी तो बसला असता आणि चार वाक्यं बोलला असता तर! ऐक गो, ह्या कॅमला फट मोठी लागते, हे इंजिन गरम झाल्यावरही थोडं बोलणार, ते बोलायलाच हवं, एकसारखं बोललं की बरं समज, त्यातलं एखादंच वेगळं वाजलं तर बोट दाखव. चार वाक्यं पुरली असती. पण ती बोलायची तर आधी पाचवं बोलावं लागलं असतं, की मला ऐकू येत नाही, तू ऐकतेस. ते पाचवं राहिलं, म्हणून चारही राहिली.

सेटिंगच्या दिवशी कौस्तुभ सकाळीच आला. सॉलिड टॅपेट बसवून झाले होते. तय्यबनं पाती घालून एकेक फट कौस्तुभनं कागदावर लिहून दिली होती तशी लावली. इंजिन चालू झालं. टर्बोची शीळ चढली. ती तय्यबला ऐकू आली नाही, पण मडगार्डवर ठेवलेल्या तळव्याला कळली. इंजिन तापल्यावर त्यानं कोपऱ्यात बघितलं.

बोट वर होतं.

त्यानं पहिल्या रॉकरखाली पाती सरकवली. बोट वरच. दुसऱ्याखाली, तिसऱ्याखाली. बोट हललं नाही. हलणार कसं? एक गप्प केला तरी बाकीचे बोलत होते, आणि ते सगळे बरोबरच बोलत होते. बिबीजानला ऐकू येत होती टकटक. आजवर टकटक म्हणजे दुखणं, एवढंच तिला माहीत. तय्यबला वाटलं, रॉकर सगळेच खळगलेले दिसतात, पाती खोटं बोलते. क्षणभर त्याच्या मनात आलं, ही बाई थोड्या टकटकीलाही बोट दाखवते की काय? पण विचारणार कसं? कौस्तुभ दोन हातांच्या अंतरावर उभा. आणि इतक्या वर्षांत तिचं बोट एकदाही चुकलं नव्हतं.

त्यानं स्क्रू पिळले. सगळेच, थोडे थोडे, एकेक करून. बोट वाकलं, मग पुन्हा वर झालं. आणखी पिळले. शेवटी तिचा हात गुडघ्यावर सपाट पडला.

"आयशपथ चाचा!" कौस्तुभ ओरडला. "सॉलिड आसत म्हणान कोण सांगात? एकदम गप!"

तय्यबनं चिंधीला हात पुसले. बिबीजानकडे बघून त्यानं मान हलवली, अगदी थोडी. त्याच्याकडून मिळालेली ती तिची पहिली शाबासकी. तिचे डोळे भरले.

कोल्हापूरला निघालेली गाडी वैभववाडी ओलांडून करूळ घाटात चढली आणि तिथंच बसली. दम गेला, मागून फटफट आवाज, मग काहीच नाही. फोन आला तो बिबीजाननं घेतला, तय्यब फोन घेत नसेच. ती ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर तय्यबनं विचारलं, "पोचलो?" तिनं मान नकारार्थी हलवली.

दुसऱ्या दिवशी गाडी दोरीला बांधून आली. तय्यबनं इंजिनाचं हेड उतरवलं. धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हांतला एक कडेला जळून गेला होता, उंदरानं भाकरी कुरतडावी तसा. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर टेकला तरच त्याची धग उतरते. फट उरलेली नव्हती, तापून वाढलेला व्हॉल्व्ह टेकलाच नाही, आणि टर्बोची आग त्या न टेकलेल्या कडेतून सारखी फुंकत राहिली. हे तय्यबला बघताक्षणी कळलं. तो व्हॉल्व्ह हातात घेऊन उभा राहिला, पाठ कौस्तुभकडे.

"चाचा, फट किती ठेवललास?"

तय्यबनं व्हॉल्व्हची जळकी कड अंगठ्यानं पुसली.

"चाचा, मी इचारतंय. कागदावर दिललंय तेवढीच ठेवललास ना?"

कौस्तुभचा राग चढत होता, आणि चढता चढता मधेच थांबला. त्यानं कोपऱ्यात बिबीजानकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. कौस्तुभनं बाकावरचा पान्याचा पोलादी सॉकेट उचलला आणि तय्यबच्या पाठीमागे फरशीवर सोडला. ठणठणत तो गाडीखाली गेला. रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा पिणारे दोघे वळून बघायला लागले.

तय्यब व्हॉल्व्ह बघत होता.

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. कौस्तुभ पोरगा वाईट नव्हता, हीच पंचाईत. तो हळू आवाजात बिबीजानला म्हणाला, "चाची, तुमी सांगूचा तरी." मग तय्यबसमोर जाऊन, तोंड नीट हलवत, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "चाचा. ऱ्हवांदे. मी. दुसरीकडे. बघतंय."

त्या एकेका शब्दानं तय्यबला सगळं कळलं. हेड गोणत्यात बांधायला त्यानं स्वतः दोरी दिली.

कौस्तुभनं गावभर केलं नाही, पण टपरीवरच्या त्या दोघांनी केलं; समोरून रोज दिसणाऱ्या बोटाचा अर्थ त्यांना आता लागला होता. बहिरा मेकॅनिक, बायकोच्या बोटावर चालणारा. टपरीवर पोरं बोट वर करून दाखवायची आणि हसायची. ज्यांच्या गाड्या त्याच बोटानं वर्षानुवर्षं नीट चालल्या, तेही हसायचे. व्हॉल्व्ह कशानं जळला ते सगळ्यांनी विचारलं. तय्यबचा कान कशानं गेला, त्याचा पंचनामा कोणी केला नाही, करणारही नाही.

संध्याकाळी शेडमध्ये दोघंच होती. तय्यबनं तिच्याकडे न बघता विचारलं, "तेव्हा तुका टकटक ऐकाक येय होती?"

"होय."

"सगळ्यांची? एकसारखी?"

"एकसारखीच. घड्याळासारखी."

त्यानं पातीवरचं तेल पुसलं. "ती ऱ्हवाक व्हयी होती," तो म्हणाला.

"माका खंय कोणी सांगल्यान?"

तय्यबनं पाती मिटून ठेवली.

शेड अजून उघडते. तय्यब सकाळी कुलूप काढतो, हत्यारं ओळीनं मांडतो आणि बसतो. बिबीजान सीटवर सूप घेऊन बसते. परवा एक जुनी रिक्षा चढ चढत गेली. टॅपेट इतके सैल, की टकटक कोपऱ्यापर्यंत वाजत होती. रिक्षावाला ओळखीचा. त्यानं शेडकडे बघितलं आणि मान वळवून पुढे गेला. रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत तय्यब बघत राहिला. मग त्यानं वळून बिबीजानच्या गुडघ्याकडे बघितलं.

तिचे दोन्ही हात पदराखाली होते.