वैशालीला परत आणायला गेले होते

कोल्हापूरच्या स्टँडवर सकाळी उतरले तेव्हा पाय सुजले होते आणि अंगावर प्रवासाची धूळ होती. जालन्याहून इतक्या लांब मी एका शिक्षिकेला परत न्यायला आले होते. आमची कर्णबधिर मुलांची निवासी शाळा आहे आणि मी तिथली मुख्याध्यापिका. लहान गटाला शिकवणारी वैशाली कांबळे दिवाळीच्या सुट्टीत मुरगूडजवळच्या आपल्या गावी गेली ती परतलीच नाही. फोनही उचलेना. आम्ही दोनदा जाहिरात दिली. एकच उमेदवार आला. त्याने वसतिगृह पाहिलं, चहा घेतला आणि गेला. संक्रांत उलटली तरी चौदा मुलं वर्गात नुसती बसून होती.

स्टँडबाहेर मिसळ मागवली. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. दुकानदार हसला.

"कुठलं पावणं?" (पावणं म्हणजे पाहुणे. इथे अनोळखी माणसाला असंच म्हणतात.)

"जालना."

"लई लांबनं आलाय की! अजून कट घ्या." कट म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा. नको म्हणेपर्यंत त्याने तो ओतलासुद्धा. मग कामाची चौकशी केली. मी सांगितल्यावर म्हणाला, "शिकलेल्या पोरी घरात बसल्यात इथं. कुणालाबी न्या की."

ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवायचं शिक्षण वेगळं असतं, असं मी समजावलं. त्याचं हसू मावळलं. "व्हय, त्या कामाला काळीज लागतं," तो म्हणाला. मला बरं वाटलं. मीही सगळ्यांना तेच सांगत असे.

मुरगूडची गाडी कागल सोडून थोडी पुढे गेली आणि थांबली. रस्त्यात उसाची ट्रॉली उलटली होती. "उतरून पाय मोकळं करा, बाई. क्रेन येईस्तोवर ही हलत न्हाय," कंडक्टर म्हणाला. तासभर मी रस्त्याच्या कडेला उभी होते. चिरडलेल्या उसाचा गोडसर वास सुटला होता, माशा घोंगावत होत्या. वैशालीशी काय बोलायचं याची वाक्यं मी मनात जुळवत होते, पण प्रत्येक वेळी नोटिशीपाशी येऊन अडत होते.

ती नोटीस मीच दिली होती. दिवाळीच्या आधी एका दुपारी सानिया नावाची सहा वर्षांची मुलगी फाटकातून बाहेर पडली. मोटारींचे हॉर्न ऐकू न येणारी ती मुलगी दोन तासांनी बाजारात सापडली. खरचटलंही नव्हतं. पण संस्थेच्या समितीला कुणाचं तरी नाव हवं होतं. वर्गावर वैशाली होती, म्हणून तिच्याकडून लेखी खुलासा मागवणाऱ्या कागदावर मी सही केली.

वैशालीचं घर गावाच्या कडेला होतं. तिचे वडील अंगणात गवताच्या पेंढ्या बांधत होते. "पोरगी डेअरीत हाय. दुधाचं फॅट तपासती. ईल एवढ्यात," ते म्हणाले. आईने माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम पेय) आणून दिलं. भिंतीवर बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या. त्यांच्याखाली वैशालीचं पदविकेचं प्रमाणपत्र चौकट करून लावलेलं होतं.

वैशाली आली. तिचा चेहरा चांगला भरला होता. आमच्याकडे असताना तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं असायची, ती गेली होती. मला पाहून ती उंबऱ्यातच थांबली.

"मॅडम, तुम्ही? एवढ्या लांब?" पाणी देऊन ती समोर बसली. "सानिया जेवते का?"

"जेवते."

"भाताला हात लावते? आधी लावायची नाही."

मला ते माहीत नव्हतं. मी विषय बदलला. नोटीस मागे घेते, खोलीची सोय करते, असं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"नोटीस तर घ्याच मागं," ती म्हणाली. "मॅडम, काळजीवाहक बाई सोडून गेल्या तेव्हा मी दोनदा तुमच्या ऑफिसात आले होते. एकटीला चौदा मुलं आवरत नाहीत, दुसरं माणूस द्या, म्हणाले होते. शिकवायचं मी, जेवण भरवायचं मी, शी-शू बघायची मी. सानिया बाहेर गेली त्या दिवशी एकाला उलटी झालेली, त्याला धूत होते मोरीवर. आणि ऑफिसात तुम्ही काय म्हणाला होता, आठवतंय?"

आठवत होतं. "वैशाली, तुझ्यात काळीज आहे, तू निभावशील," असं मी म्हणाले होते.

"मला काळीज नको होतं, मॅडम. एक माणूस पाहिजे होतं."

मी म्हणाले, "चुकलं माझं. पण मुलांचं काय होणार, सांग."

तिचे डोळे भरले. "हे मला विचारू नका. तुम्ही हेच विचारता, म्हणून तर मी दोन वर्षं राहिले."

तिचे वडील दारात येऊन उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "जेवून जावा, मॅडम. पर पोरीला पुन्हा धाडायचं न्हाय. हितं आली तवा झोपंत दचकून उठायची. 'फाटक लावलं का' म्हणायची."

भाकरी आणि वांग्याची भाजी पानात होती. मी जेवले. निघताना वैशाली फाट्यापर्यंत सोबत आली. गाडी येईपर्यंत एकेका मुलाबद्दल सांगत राहिली: कुणाला गर्दीत भीती वाटते, कुणाचं यंत्र डाव्या कानात नीट बसत नाही, सानिया रागावली की तिला कसं जवळ घ्यायचं. मी वहीत लिहून घेतलं. गाडी आली तेव्हा ती नमस्काराला वाकली. मी तिला अर्ध्यातच धरलं. मला तो नमस्कार घेववत नव्हता.

परत आल्यावर मी समितीपुढे नोटीस मागे घेतली आणि दोष माझा होता असं लिहून दिलं. काळजीवाहकाची जागा भरण्याचा विषय पुढच्या बैठकीवर गेला. तिसऱ्या जाहिरातीला एकही अर्ज आला नाही. मार्चअखेर लहान गट बंद करायचं ठरलं आणि पालकांना आम्ही तसं कळवलं.

सानियाची आई तिला न्यायला आली. "जूनला आणू का परत?" तिने विचारलं. शेजारी समितीचे एक सदस्य उभे होते. ते चटकन म्हणाले, "काय करणार, बाई? या कामाला शिक्षक मिळत नाहीत हल्ली."

मी मान हलवणारच होते.

"मिळाली होती," मी म्हणाले. "मी टिकवली नाही."

सानियाच्या आईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग मुलीची पेटी डोक्यावर घेतली, तिचा हात घट्ट धरला आणि रिक्षाकडे निघून गेली.