पुलाच्या अलीकडे

माझा मामा फौंड्रीत कामाला होता आणि चाळिशी ओलांडल्यावर त्याला टीव्हीला मशीन जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमचं वेड लागलं. हे सांगितलं की लोक हसतात. हसोत. शिरोलीहून ड्युटी संपवून तो बावड्यातल्या घरी यायचा, आंघोळ करायचा, चहाचा कप घेऊन पुढच्या खोलीत बसायचा आणि मग त्याच्याशी कुणी बोललेलं त्याला खपत नसे. मी तेवढी चालायची. आमचं घर पलीकडच्या गल्लीत. कॉलेजमधून येताना मी मामाकडे टेकायची ती आई हाका मारून थकेपर्यंत.

मशीन जुनं घेतलेलं होतं. सीड्या तर निम्म्या शहरातून फिरून आलेल्या, उन्हात धरल्या की नुसते ओरखडे दिसायचे. मामा त्यांना फार जपायचा. "मधनं कडंला गेलेला चरा असला तर मशीन त्याच्यावरनं उडी मारतंय," तो मला समजावून सांगायचा. "पर गोल चरा पडला की खेळ खलास. चाक चाकोरीत रुततंय बघ, तसं." म्हणून पुसायचंही मधून कडेकडे, गोल कधीच नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर तो मशीन चक्क पालथं घालायचा, आणि कसं कोण जाणे, पालथं घातल्यावर ते चालायचं. मामी नाक मुरडायची. "चालतं यंत्र पालथं घालत्यात व्हय? बरं दिसतंय का ते?" म्हणायची आणि आत निघून जायची.

त्याच्या आवडीचा खेळ एकच. एक माणूस हातात कंदील घेऊन धुक्यातून चालतोय, गावं सगळी ओस पडलेली, आणि त्यानं प्रत्येक गावातला दिवा लावत पुढं जायचं. शेवटी एक लांबलचक लाकडी पूल. पलीकडे गेलं की खेळ संपला. कुठवर आलो ते मशीनला लावायच्या एका छोट्या कार्डात साठवता यायचं, पण या खेळात जागा एकच होती. पुढची जागा साठवली की मागची पुसली जायची.

मामा त्या पुलापर्यंत पोचला होता. पुलावर पाऊल टाकलं की चित्र थिजायचं, संगीताचा एकच सूर लांबत जायचा आणि मशीनच्या पोटातून टक्, टक्, टक् असा आवाज यायचा. सीडीला नेमका तिथंच चरा होता. टूथपेस्ट लावून झाली, खोबरेल लावून झालं. "जातोय कुठं," मामा म्हणायचा, "एक दिवस पलीकडं जातोच बघ."

एका रविवारी जेवून उठला, हात धुवायला मोरीत गेला आणि तिथंच खाली बसला. पुन्हा उठला नाही.

रक्षाविसर्जनाला आम्ही सगळे पंचगंगेच्या काठी गेलो. त्याला आवडायचं ते सगळं पानावर मांडलं होतं: भडंग, शेव, भरपूर साखरेचा चहा, तंबाखूची पुडी. कावळे झाडावर भरपूर होते. एकही खाली उतरेना. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचं काहीतरी मागं राहिलंय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग एकेक जण पुढं होऊन शब्द द्यायला लागला. भाऊबंद म्हणाले, वाटणीवरून भांडणार नाही. माझी आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, म्हणाली, तुझ्या बायकोला अंतर देणार नाही. कावळे आपले झाडावर. ऊन डोक्यावर आलं, लोक घड्याळं बघायला लागले. तेव्हा मामी उठली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "तुमचा खेळ ऱ्हायलाय न्हवं? तो पुरा करून देतो. पलीकडं न्हेऊन सोडतो तुम्हास्नी."

शब्द संपायच्या आत कावळा उतरला आणि त्यानं शेवेला चोच मारली. माझ्या अंगावर काटा आला. मी असल्या गोष्टी मानणारी नव्हते, तरी आला.

खेळता येत होतं ते घरात मला एकटीला, त्यामुळं ते काम माझ्या गळ्यात पडलं. दिवसकार्य झाल्यावर एका संध्याकाळी मशीन सुरू केलं. कंदीलवाला पुलाच्या तोंडाशी उभा होता, मामानं सोडला होता तिथंच. मी बटणावरचा हात काढून मामीकडं बघितलं, आणि तेवढ्यात त्या माणसानं हळूच मान वळवून मागं बघितलं. सरळ आमच्याकडं. खेळ बनवणाऱ्यांनीच ती गंमत घातलेली; कुणी बटणं दाबली नाहीत तर तो थोड्या वेळानं तसं बघतो. मामाबरोबर मी ते कितीदा पाहिलं होतं. मामीनं पहिल्यांदा पाहिलं. ती टीव्हीच्या आणखी जवळ सरकून बसली.

पुलावर पाऊल टाकलं आणि टक्, टक्, टक्.

त्यानंतर मामी रोज दिवेलागणीला देवापुढं निरांजन लावायची आणि लगेच मशीन लावायची. पुढं जायच्या बटणाला हात लावायची नाही. समोर बसून भाजी निवडायची, आणि कंदीलवाल्यानं मान वळवून बघितलं की त्याला दिवसभराचं सांगायची. नळाला पाणी उशिरा आलं, पेन्शनचा कागद फिरून मागितला. मला तिथं बसवायचं नाही. मी एकदा सुचवलं, की दुसरं कार्ड आणून ही जागा त्यात उतरवून ठेवू, म्हणजे पलीकडं गेला तरी अलीकडचाही राहील. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी जीभ चावली. "एका माणसाला दोन जागी बसवतीस व्हय?" ती म्हणाली.

मामी हुपरीची, पैंजण घडवणाऱ्या घरातली. तिच्या भावाकडं चांदीला पॉलिश करायचं कापडी चाक होतं. मी सीडी घेऊन गेले, त्यानं हलक्या हातानं ती चाकावर धरली आणि चरा निघाला. उन्हात धरून दहादा पाहिली, लख्ख. परत आले, मामीच्या हातात दिली, आणि घरी जाऊन जेवून आले. सीडी घातली. पूल, टक्, टक्, टक्.

बाहेर काढून पाहिली तर चरा होता. त्याच जागी, आणि गोल.

पुन्हा हुपरी. पुन्हा लख्ख. दोन दिवसांनी पुन्हा तोच चरा. आई म्हणाली, त्यालाच जायचं नाही, सोडून द्या. शेजारीण म्हणाली, मशीन विसर्जन करा. मी दोघींवर खेकसले, पण खरं सांगते, मी घाबरले होते. कापडात गुंडाळून, डबीत बंद करून ठेवलेल्या सीडीवर आपोआप गोल चरा पडत नाही. मामाच्या खोलीत एकटीनं बसायचं मी टाळायला लागले, आणि तो आवाज मला कॉलेजच्या वर्गातसुद्धा ऐकू यायचा.

एके दिवशी कॉलेज लवकर सुटलं. मामीच्या घराचं दार लोटलेलं होतं. ती खिडकीच्या उजेडात पाय पसरून बसली होती, मांडीवर सीडी, आणि चिमटीत धरलेलं तिचं जोडवं. पायातून काढायला लावलेलं, तिनं कुठं जपून ठेवलं होतं देव जाणे. त्याची कड ती सीडीवर टेकवून सावकाश, अगदी सावकाश गोल फिरवत होती. चेहरा शांत. तांदूळ निवडताना असतो तसाच.

क्षणभर मला तिचा संताप आला. भर घाटावर शब्द दिला होता हिनं. मग लक्षात आलं. शब्द तिनं दिला होता, कारण कावळा शिवेना आणि सगळे खोळंबले होते. त्याला पोचवायला ती तयार कुठं होती? मी मागं सरले, बोळात गेले आणि चपला वाजवत पुन्हा आले. संध्याकाळी पूल अडकला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "आजबी अडकला की."

"व्हय," मामी म्हणाली. "बस, चहा टाकतो."

हुपरीला मी पुन्हा गेले नाही.

वर्षश्राद्धाला गच्चीवर पान ठेवलं. एक कावळा आला, कठड्यावर बसला, पानाकडं बघितलं, मामीकडं बघितलं आणि उडून गेला. नंतर एकही आला नाही. भटजी गेले, जेवणारे खोळंबले. आईनं सगळ्यांदेखत मला विचारलं, "खेळ पुरा केलावता न्हवं?"

मी तोंड उघडायच्या आत मामी बोलली. "न्हाई. मीच होऊ दिला न्हाई." कुणाला काही कळलं नाही. ती खाली गेली. मागोमाग मी.

तिनं रिठे भिजत घातले, मऊ फडकं घेतलं, भावाकडून आणलेली पॉलिशची पूड घेतली आणि सीडी घासायला बसली. लहानपणी पैंजण घासायची तशी, मान खाली घालून, मधून कडेकडे. मी घेते म्हटलं तर हात झटकला. वर लोक तसेच जेवले, गेले. ऊन कलेपर्यंत ती घासत होती.

मशीन सुरू केलं. पालथं घालावं लागलं नाही. तो पुलाच्या तोंडाशी उभा होता. मी पुढं जायचं बटण दाबून धरलं आणि त्यानं पाऊल उचलण्याआधी मान वळवून मागं बघितलं. बटण दाबलेलं असताना तो कधीच बघत नसे. माझा अंगठा बटणावर रुतलेला होता, मी आजही शपथेवर सांगेन. मग तो वळला आणि चालायला लागला. आवाज आला नाही. चित्र थिजलं नाही. धुक्यातून कंदील पुढं पुढं गेला आणि पूल संपला.

पडद्यावर प्रश्न आला: जुनी जागा पुसून नवी साठवायची का?

मी मामीकडं पाहिलं. मामा ड्युटीवर निघाला की ती दारात उभी राहायची, तशीच उभी होती, पदर खांद्यावर ओढून. निघालेल्या माणसाला आमच्याकडं कुणी 'जा' म्हणत नाही, 'या' म्हणतात, म्हणजे तो परत येतो. इतक्या वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती.

"जावा," मामी म्हणाली.

मी बटण दाबलं.